दर रविवारचा प्रश्न

बँकेतून सुटल्यावर ऋता कॅम्प तीनच्या बाजारात उशांचे अभ्रे घ्यायला थांबली होती. दुकानदार "मॅडम, ये प्युअर कॉटन है, धुलाई में कुछ नहीं होगा" असं सांगत असतानाच मागून कुणीतरी तिच्या कोपराला हात लावला. वळून बघितलं तर द्रौपदी. आईच्या आजारपणात शेवटी शेवटी दिवसभर घरी राहायला ठेवलेली बाई. तोच पावडर थापलेला चेहरा, तीच मोठ्या चेनची पर्स. ऋताने ओळखीचं हसून सुटका करून घ्यायचं ठरवलं, पण द्रौपदी कोपर सोडेना. "मॅडम, अण्णा कसे हायेत? परवा लई खोकत होते. मी बोलले, पुढच्या रविवारी नका येऊ, आराम करा. तर बोलले, म्हणजे तुमच्या देवाला सुट्टी मिळेल." आणि ती खळखळून हसली. ऋताच्या हातात फिकट निळा अभ्रा तसाच राहिला. "कुठे नका येऊ?" तिने विचारलं. द्रौपदीचं हसू थांबलं. "प्रार्थनेला, मॅडम. आमच्या हॉलवर. तुमाला बोलले नाहीत?" मग आवाज खाली आणून, जणू काही ऋतालाच सांभाळून घेत, ती म्हणाली, "बाईंचंच, तुमच्या आईचंच विचारतात हो. दर रविवारी."

शेअर रिक्षात तीन माणसांच्या मध्ये दबून बसताना ऋताला जे वाटत होतं त्याला राग म्हणता आलं नसतं. ती चव तिच्या ओळखीची होती. जिभेच्या मुळाशी येणारी, तुरट, आणि खरं म्हणजे थोडी सुखाची. कुणाचं तरी पितळ उघडं पडलं की यायची तशी. अण्णा म्हणजे तिचे वडील, अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यातून चीफ केमिस्ट म्हणून निवृत्त झालेला माणूस. ज्याने तिच्या भावाची, पुष्करची मुंज होऊ दिली नाही, शेजारच्या सत्यनारायणाचा प्रसाद मोलकरणीला देऊन टाकला, आजी वारली तेव्हा भटजींना जिन्यातूनच परत पाठवलं. घरात देव्हारा नव्हता. देव्हाऱ्याच्या जागी अण्णांचा तिरस्कार होता आणि घरातले सगळे त्याची रोज पूजा करायचे. बाबा, बुवा, ज्योतिषी, नवस बोलणाऱ्या मावश्या, गंडा बांधणारे कारखान्यातले इंजिनिअर, एकेकाला अण्णा जेवणाच्या ताटावर उभं करायचे आणि सोलायचे. ऋता आणि पुष्कर लहानपणी हसून हसून ठसका लागेपर्यंत हसायचे. आई वाढत असायची. आई हसायची का, हे ऋताला कधी आठवलं नाही. आणि आता हा माणूस, दर रविवारी सकाळी "अंबरनाथला जातो, कंपनीतली मंडळी भेटतात" असं सांगून, इस्त्रीचा शर्ट घालून, कॅम्प तीनमध्ये कुठल्यातरी हॉलवर टाळ्या वाजवायला जात होता. वाह. म्हातारपणी माणूस मऊ होतो म्हणतात. मऊ नाही, नासतो. तिला हे वाक्य सुचलं आणि आवडलं, आणि लगेच कळलं की हे वाक्य अण्णांचंच आहे, फक्त त्यांनी ते अजून उच्चारलेलं नाही.

बदलापूरच्या फ्लॅटमध्ये अण्णा टीव्हीवरच्या कुणा तज्ज्ञाला मूर्ख म्हणत बसले होते. तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, आणि त्यांच्या सांगण्यात ती हरली असती, हे तिला लग्न मोडून या घरात परत आल्यापासून पक्कं माहीत होतं. तिने पुष्करला टोरांटोला फोन लावला. पुष्कर आधी हसला आणि मग त्याचा आवाज बदलला. तिथे गेल्यापासून त्याला इथल्या सगळ्याची फार काळजी वाटू लागली होती. "ताई, हे सीरियस आहे. हे लोक एकट्या म्हाताऱ्यांनाच गाठतात. जगभर त्यांचं हेच मिशन आहे. आजारपण बघायचं, मरण बघायचं, आणि आत शिरायचं. माझ्या ओळखीचा एक जण आहे बदलापुरात, मी बोलतो त्याच्याशी." ज्या मुलाची मुंज झाली नव्हती तो टोरांटोला दर वर्षी मंडळाचा गणपती बसवत होता आणि बापाचा धर्म वाचवायला निघाला होता. कुठला धर्म? ऋताला त्याचीही कीव आली. फोन ठेवताना तिला जाणवलं की आईचं नाव दोघांपैकी कुणीच घेतलं नाही.

पुष्करच्या ओळखीचा तो माणूस दुसऱ्याच दिवशी आला. कमलेश त्याचं नाव. अत्तराचा वास, पांढरा कुर्ता, अतिशय नम्र. अण्णा खाली फिरायला गेले असतानाची वेळ त्याने बरोबर साधली होती. "ताई, घाबरायचं काही नाही. तुम्ही एवढंच म्हणायचं, की वडिलांना फसवून नेलं, आमिष दाखवलं. मुलीने म्हटलं की वजन येतं. बाकी सगळं आम्ही बघतो." त्याचा 'ताई' तिला आवडला नाही. कोपऱ्यावरच्या प्रत्येक बॅनरवर हाच 'ताई' हात जोडून उभा असतो. "कसलं आमिष?" तिने विचारलं. "काहीही असेल, ताई. जेवण देतात ना?" ऋता म्हणाली, "माझे वडील फसण्याइतके भोळे नाहीत हो. ते फार दुष्ट आहेत." कमलेशला हे कळलं नाही. तो हसला, विचार करा म्हणाला, नंबर देऊन गेला. ती विचार करत राहिली. नाही म्हणायला तिच्याजवळ कारण नव्हतं, फक्त त्या अत्तराचा कंटाळा होता.

रविवारी अण्णा निघाल्यावर ती त्यांच्या मागोमाग निघाली. जीन्स शिवायच्या कारखान्यांची गल्ली, रविवारीही मशीन चालूच, उघड्या गटारातून निळं पाणी वाहतंय, त्याच्या काठाकाठाने बाजूला होत, काठीने वाट चाचपत जाणारे अण्णा. या निळ्या रंगाचा रेणू कसा असतो हे तिला त्यांनी शाळेत असताना पाटीवर काढून दाखवलं होतं. एका गाळ्याच्या बाजूने लोखंडी जिना वर गेला होता आणि जिन्याच्या तोंडाशी फ्लेक्स होता: 'पवीत्र आत्म्याचा अभीषेक'. दीर्घाच्या दोन चुका, तीन शब्दांचा फलकही धड नाही. जग वाचवायला निघालेत आणि वेलांटी पेलवत नाही. वर प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पंखे, कीबोर्ड, एक ढोलक. वीसेक माणसं असतील. साड्यांचे पदर डोक्यावर, खालच्या कारखान्यातली दोन-तीन सिंधी मंडळी, एक म्हातारा हवालदारासारखा दिसणारा, आणि शेवटच्या खुर्चीवर पाठ ताठ ठेवून बसलेले अण्णा, नाटक आवडलेलं नाही पण तिकिटाचे पैसे वसूल करायचेत असे. ती दारामागच्या बाकावर टेकली. गाणं चाललं होतं, बेसूर, प्रत्येक जण आपापल्या पट्टीत, आणि एक बाई डोळे मिटून रडत होती, अगदी सहज, भाजी निवडता निवडता रडावं तशी. ऋताच्या अंगावर काटा आला तो किळसेने. इतक्या लोकांसमोर इतकं उघडं व्हायचं म्हणजे काय? आई गेली तेव्हा तिने बाथरूमचा नळ सोडून ठेवला होता.

मग पास्टर उभा राहिला. जयदेव त्याचं नाव. चाळिशीचा, काळा, रुंद खांद्यांचा. जवळच्याच गावातला आगरी, आधी रेतीचा ट्रक चालवायचा. प्रभूचा माणूस झाल्यावर भावांनी घरातली चूल वेगळी केली आणि गावच्या जत्रेत त्याचं पान वाढणं बंद झालं. हे सगळं तिला द्रौपदीने मधेच मागे येऊन हळूच, कौतुकाने, कानात सांगितलं, जणू वराची माहिती देतेय. तो म्हणत होता, प्रभूची मंडळी म्हणजे ही खोली नाय, मंडळीला जगात धाडलंय, दुखणाऱ्याकडं, हरलेल्याकडं, तेच आपलं काम. बोलणं साधं होतं आणि वाईट होतं. एक मुद्दा तो तीनदा सांगायचा आणि मध्येच इंग्रजी शब्द घालायचा, चुकीचा. ऋता मनात लाल पेन घेऊन बसली होती. तो थांबला, आणि मग सगळ्यांनी माना मागे वळवल्या. कुणी कंटाळलं नव्हतं. ते वाट बघत होते.

अण्णा काठीवर भार देऊन उभे राहिले. "जगाचं राहू दे," ते म्हणाले. घरातलाच आवाज, ताटावरचा. "एका बाईचं सांग. या बाईने," काठी द्रौपदीकडे, "माझ्या बायकोसाठी तीन महिने तुमच्या देवाची प्रार्थना केली. मला चोरून. कुमुदिनी तरीही मेली, आणि वाईट मेली. म्हणजे एक तर तो नाही, किंवा त्याला ऐकू येत नाही, किंवा त्याला ऐकायचं नाही. यातलं कुठलं? डॉक्टरला विचारलं तर तो म्हणाला उशीर झाला. आमच्याकडचे म्हणाले प्रारब्ध. तुझं काय म्हणणं?" जयदेव खाली बघत होता. "ठावं नाय, अण्णा," तो म्हणाला. "मागच्या रविवारी पण हेच म्हणालास." "तवा पन ठावं नव्हतं." "मग इतकी वर्षं तुमचं चाललंय काय?" अण्णा ओरडले. "जगभर देवळं बांधलीत, शाळा काढल्यात, जहाजं भरभरून माणसं पाठवलीत, आणि साध्या प्रश्नाला उत्तर नाही?" कुणी त्यांना बसा म्हणालं नाही. जयदेवने मान हलवली, जणू हा मुद्दा त्याला पटला होता. आणि अण्णा, ज्यांना आयुष्यात समोरच्याने चूक कबूल केल्यावर पुढे काय करायचं हे कधी ठाऊक नव्हतं, ते खाली बसले. मग त्याच खुर्च्यांवर पत्रावळी आल्या, डाळ-भात आला, आणि त्या हवालदारासारख्या म्हाताऱ्याने अण्णांच्या भातावर न विचारता लिंबू पिळलं.

ऋताने दाराची चौकट धरली. कारण उत्तर तिच्याजवळ होतं. आईच्या शेवटच्या दिवसांतली ती एक दुपारची वेळ होती. बाहेरच्या खोलीत अण्णा भेटायला आलेल्यांना आईचा आजार समजावून देत होते, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला स्वादुपिंड काढून, बाणांनी गाठ कुठून कुठे पसरली ते दाखवत, त्यांच्या त्या स्वच्छ, मोठ्या आवाजात. पाहुणे वा वा म्हणावं तसं अरेरे म्हणत होते. ऋता मोसंबीचा रस घेऊन आईच्या खोलीच्या दाराशी आली होती. आत द्रौपदीने आईचा हात धरला होता आणि ती विचारत होती, "बाई, देवाकडे काय मागू तुमच्यासाठी? बरं कर म्हणू?" आई म्हणाली, "नको गं. बरं आता काय व्हायचंय. ह्यांना जरा वेळ गप्प बसव म्हणावं." आणि दोघी हसल्या. आई हसली होती. तोंडावर पदर धरून, शाळकरी मुलीसारखी, दुखत होतं तरी. ऋता रस घेऊन तशीच मागे फिरली होती. तिला तेव्हा आईचाच तिरस्कार वाटला होता. इतकी वर्षं पोटात धरलेली गोष्ट सांगायला हिला ही पावडरवाली बाई सापडावी. मी होते. मी दाराशी होते. आणि त्यानंतर रोज, आई जाईपर्यंत, अण्णा बोलत राहिले होते.

जिन्यावर जयदेव तिच्या मागे आला. "जेवून जावा, ताई." हा 'ताई' वेगळा होता, पण तिने तसं कबूल केलं नाही. "तुम्हाला माझ्या वडिलांकडून काय हवंय?" तिने विचारलं. "काय नाय." "काय नाय कसं? माणसं वाढवणं हेच तुमचं काम ना? मिशन?" त्याने कपाळावरचा घाम पुसला. खालून मशीनचा आवाज येत होता. "मला वाटायचं मला लोकांकडं धाडलंय. घराघरात फिरलो. कुणी दारात उभं नाय केलं, ताई. मंग एक दिस अण्णा आले, शिव्या देत. तवापासून वाटतं, माझ्याकडंच कुनाला तरी धाडलंय." हे याने पाठ केलेलं वाक्य असणार, ऋताला वाटलं, पाहुण्यांसाठी ठेवलेलं. "छान बोलता," ती म्हणाली, अण्णा म्हणाले असते तसं, आणि त्याचा चेहरा पडला हे तिने बघितलं. घरी येईपर्यंत त्या पडलेल्या चेहऱ्याने तिला समाधान दिलं नाही.

कमलेशला तिने फोनवर नाही सांगितलं. "ताई, विचार करा, उद्या तुमच्याच घरात" असं तो म्हणत होता. ती म्हणाली, "माझ्या घरातलं मी बघेन. आणि मला ताई म्हणू नका." एवढ्यानेच तिला फार मोठं काही केल्यासारखं वाटलं, आणि त्याचीही तिला लाज वाटली. उपयोग काहीच झाला नाही. गाळ्याच्या मालकाला दोन फोन आले, मग चार पोरं येऊन जिन्याशी उभी राहिली, आणि मालकाने हात जोडून जयदेवकडून किल्ली परत घेतली. हे तिला अण्णांनीच सांगितलं, चहा पिताना, टीव्ही बंद करून. ती सगळं जाणते हे त्यांनी गृहीत धरलं होतं. त्या दिवशी दारामागे त्यांनी तिला पाहिलं होतं की काय, ते बोलले नाहीत. "म्हणून मी त्यांना इकडे बोलावलंय," ते म्हणाले. "या रविवारी. आपल्या हॉलमध्ये." "अण्णा, तुम्ही त्यांना मानता?" "मूर्ख आहेत," अण्णा म्हणाले. "पण वादात पळून जात नाहीत. किल्ली काढून घेतली म्हणून मी जिंकलो असं होत नाही."

रविवारी ती माणसं आली. गेटवरच्या वॉचमनने नावं विचारली, लिफ्टमधून एका वेळी सहा, दाराबाहेर चपलांचा ढीग, समोरच्या फ्लॅटचं दार बोटभर उघडं. त्यांनी चांगले कपडे घातले होते आणि सोफ्यावर बसायला कुणी तयार नव्हतं. ती सगळी जमिनीवर, भिंतीला पाठ लावून, एकमेकांना चिकटून बसली. कीबोर्ड आणला नव्हता. हळू आवाजात गायले, त्यामुळे आणखी बेसूर. ऋता स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून उभी होती आणि आपलं घर असं भरलेलं पाहून तिचा जीव गुदमरत होता. डोक्याच्या तेलाचा वास, घामाचा, कुणाच्या तरी पोराने खाल्लेल्या बिस्किटांचा. सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला. "मॅडम, तुमच्याकडे काय चाललंय? कंप्लेंट आलीय." "पाहुणे आहेत," ती म्हणाली. "कसले पाहुणे?" "आईला ओळखणारे," ती म्हणाली, आणि फोन ठेवला. चहा उतू जायला आला तेव्हा तिने आच कमी केली.

बाहेर गाणं संपलं होतं. काठी फरशीवर आपटल्याचा आवाज आला. "हं," अण्णा म्हणाले. "आता सांग. इथेच मेली ती. त्या खोलीत." कुणीतरी नाक ओढलं. जयदेवने काय म्हटलं ते ऐकू आलं नाही, पण तिला माहीत होतं. "तेच!" अण्णा म्हणाले. "पुन्हा तेच! अरे, मागितलं ते मिळालं नाही, एवढं तरी कबूल कर!" आवाज वर चढत गेला, तो स्वच्छ, मोठा आवाज, आणि शेवटी कुठेतरी चिरला. ऋता हातातलं गाळणं तसंच घेऊन बाहेर आली. सगळे तिच्याकडे बघू लागले. "अण्णा," ती म्हणाली, "आईने बरं व्हायला मागितलंच नव्हतं."

द्रौपदीने मान खाली घातली. "तुला काय ठाऊक?" अण्णांनी विचारलं. "मी दाराशी होते. तुम्ही बाहेर कॅलेंडरवर चित्र काढून दाखवत होतात. हिने विचारलं, काय मागू. आई म्हणाली, ह्यांना जरा वेळ गप्प बसव म्हणावं." तिला वाटलं होतं हे सांगताना आपला आवाज अण्णांसारखा निघेल, सोलणारा. तो तसा निघाला नाही. "आणि ती हसली, अण्णा. खूप हसली."

अण्णांनी तोंड उघडलं. त्यांच्या चेहऱ्यावर उत्तर तयार होताना तिने आयुष्यभर बघितलं होतं. आधी भुवई, मग ओठाचा कोपरा. भुवई वर गेली आणि तिथेच राहिली. त्यांनी द्रौपदीकडे पाहिलं. तिने होय म्हणून मान हलवली, रडत. मग ते त्या खोलीच्या दाराकडे पाहत राहिले. पंखा फिरत होता. खाली कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं, ती चालू होत नव्हती, मग झाली, मग आवाज गेटबाहेर निघून गेला. अण्णा काही बोलले नाहीत.

ऋता वाट बघत होती. आता यांच्यातला कुणीतरी उठेल, हात वर करेल, प्रभूची स्तुती म्हणेल, बघा ऐकलं की नाही त्याने, उशिरा का होईना, असं काहीतरी सांगेल, आणि मग ती यांना सुखाने घराबाहेर काढू शकेल. तिने जयदेवकडे पाहिलं. एवढा मोठा घास आयता ताटात पडला होता. जयदेवने डोळे मिटून घेतले होते आणि ओठ घट्ट दाबून धरले होते. लिंबू पिळणाऱ्या म्हाताऱ्याने हळूच सरकून आपल्या शेजारी जागा केली. ती तिच्यासाठी होती हे कळायला तिला वेळ लागला. त्या शांततेत आई किती दमली होती हे तिला पहिल्यांदा कळलं, आणि ती गाळणं मांडीवर धरून त्या लोकांमध्ये जमिनीवर बसली.